कचरा ठरतो घरातून निघताना

बाहेर पडल्यावर हातातलं पाकीट टाकायला पेटी दिसली नाही की आपण नगरपालिकेला नावं ठेवतो. नावं ठेवायला जागा असतेही. पण पेटी शोधायची वेळ आली म्हणजे निम्मं काम बिघडलेलं असतं. पाण्याची बाटली, वेफर्सचं पाकीट, कागदी कप, पातळ पिशवी या वस्तू आपण हौसेनं घेत नाही. तहान लागली आणि जवळ पाणी नव्हतं, भाजी घ्यायची ठरली आणि हात रिकामे होते, म्हणून त्या घ्याव्या लागल्या. घरातून काय घेऊन निघालो यावर बाहेर किती कचरा होणार हे बऱ्याच अंशी ठरून गेलेलं असतं.

कायद्यानं यातला थोडा भाग सोपा केला आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकच्या कॅरीबॅग, थर्माकोलची ताटं-वाट्या अशा वस्तूंवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ, ताटल्या वगैरे एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही आठवडी बाजारात पातळ पिशव्या मिळतात आणि चहाच्या टपरीमागे कपांचा ढीग असतो. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं आलं की दुकानदार काही ना काही देतोच. एका वस्तूवर बंदी आली तर दुसरी काढतो. म्हणून सुरुवात आपल्या हातापासून केलेली बरी.

आधी गरज ओळखा

रोजच्या बाहेर जाण्यातला बहुतेक कचरा चार गरजांमधून येतो: पिणं, खाणं, हात-तोंड पुसणं आणि काहीतरी घरी आणणं. निघण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारा, की परत येईपर्यंत यातल्या कोणत्या गरजा पडणार आहेत? बँकेत जाऊन तासाभरात यायचं असेल तर एकही नाही. दुपार बाहेर जाणार असेल तर पहिल्या तीन. वाटेत मंडई असेल तर चौथी.

हा हिशेब आदल्या रात्री केला तर सकाळची धावपळ वाचते. बाटली भरून ठेवणं, डबा धुऊन पालथा घालणं, पिशवी चपलांच्या कपाटाजवळ ठेवणं ही पाच मिनिटांची कामं आहेत. सकाळी रिक्षा दाराशी उभी असताना मात्र ती कोणाच्याच हातून होत नाहीत.

दाराशी एक पिशवी

रोज नव्यानं आठवावं लागू नये म्हणून दाराजवळच्या खुंटीला एक तयार पिशवी लावून ठेवा. तिच्यात दोन घडीच्या कापडी पिशव्या, एक स्टीलचा पेला, एक चमचा, सुती रुमाल किंवा पंचाचा तुकडा, झाकणाचा मध्यम डबा आणि पिठाची रिकामी जाड पिशवी ठेवा. या जाड पिशवीचा उपयोग पुढं येईलच. स्कूटरवर फिरणाऱ्यांनी हाच संच डिकीत ठेवावा, गाडीवाल्यांनी मागच्या सीटखाली.

ही व्यवस्था मोडते ती परतल्यावर. भाजी ओट्यावर रिकामी होते, पिशवी तिथंच पडते, दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या मागं जाते, आणि आठवड्यानं दाराजवळची खुंटी रिकामी दिसते. यावर घरात एकच नियम करा: जो पिशवी रिकामी करेल त्यानंच ती खुंटीला लावायची. डबा आणि पेला धुऊन पुसला की तोही तिथंच परत गेला पाहिजे, मांडणीवर नाही.

मंडईत आणि दुकानात

मोठ्या पिशवीत वजनदार भाजी आरामात येते. अडतं ते सुट्या, ओल्या किंवा बारीक वस्तूंपाशी. हिरव्या मिरच्या, आलं, लिंबं, मटार यांना विक्रेता वेगवेगळी छोटी पिशवी काढतो. घरी जुन्या सुती ओढणीच्या किंवा धोतराच्या तुकड्यांच्या नाडीच्या छोट्या पिशव्या शिवून ठेवल्या की ही सोय होते. पातळ कापडाला वजन जवळजवळ नसतं, त्यामुळं त्यातच वजन करून घेता येतं. पालेभाजीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली तर घरी येईपर्यंत टवटवीतही राहते.

बोलण्याची वेळ इथं महत्त्वाची. भाजीवाल्या मावशींचा हात पिशवीकडं जायच्या आत, "मावशी, यात घाला" म्हणत आपली पिशवी पसरायची. मिरच्या एकदा पिशवीत पडून गाठ बसली की "नको" म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

मासळी, मटण, चिकन, पनीर, दही यांना डबाच हवा. बोंबलाला पाणी सुटतं, म्हणून त्यासाठी उभा, घट्ट झाकणाचा डबा न्यावा. बांगड्याला पसरट डबा चालतो. वजनाच्या वेळी रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्य करायला सांगा. डिजिटल काट्यावर त्यासाठी बटण असतं आणि दुकानदाराला ते ठाऊक असतं. पहिल्या खेपेला तो जरा चमकून बघेल. नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर पुढं तोच डब्यासाठी हात पुढं करतो.

कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, शिवण नसलेल्या पिशव्यांनी फसू नका. कपड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत मिळणाऱ्या या पिशव्या बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. घरात आलेल्या असतील तर फाटेपर्यंत वापरा, नव्या मात्र घेऊ नका.

टपरी, गाडी आणि थिएटर

बाहेरचं खाणं बंद करा असं सांगणारा लेख कोणी वाचत नाही, आणि तसं सांगायचं कारणही नाही. तेच खाणं कमी कचऱ्यात होऊ शकतं.

चहा मागतानाच "काचेच्या ग्लासात द्या" म्हणा. बऱ्याच टपऱ्यांवर काचेचे ग्लास असतात. गर्दीच्या वेळी धुण्याचा त्रास नको म्हणून कागदी कप पुढं येतात. ग्लास नसेल तर आपला पेला आहेच. कागदी कप नावापुरताच कागदी असतो. आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, नाहीतर चहा झिरपला असता. या थरामुळं तो रद्दीत जात नाही आणि नीट कुजतही नाही.

उसाच्या रसाचंही तसंच: काचेचा ग्लास, स्ट्रॉ नको. शहाळं तोंडाला लावून पिता येतं. जमत नसेल त्यांनी पेल्यात ओतून घ्यावं. मलई काढायला शहाळेवाला त्याच शहाळ्याच्या सालीचा एक काप कोयत्यानं तासून देतो. त्याहून चांगला चमचा विकत मिळत नाही.

वडापाव आणि भजी यांचा प्रश्न रद्दीच्या कागदाचा आहे. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वेळोवेळी बजावलं आहे, कारण गरम तेलकट पदार्थाला शाईतली रसायनं लागतात. घरी न्यायचं असेल तर डबा पुढं करा आणि चटणी वाटीत घ्या. तिथंच खायचं असेल तर स्टीलची ताटली मागा. भेळेसाठी आपला डबा आणि चमचा असला की कागदाचा कोन आणि पुठ्ठ्याचा चमचा दोन्ही वाचतात.

थिएटरमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ द्यायचे की नाही हे चालक ठरवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं. पण स्वच्छ पिण्याचं पाणी प्रेक्षकांना फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलाचं खाणं पालकांना नेता आलं पाहिजे, हेही त्याच वेळी स्पष्ट केलं. म्हणून पाण्याची बाटली विकत घेण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याची सोय कुठं आहे ते विचारा. पोटभर जेवून गेलात तर पॉपकॉर्नचा सगळ्यात मोठा टब मागवण्याची इच्छाही आपोआप आवरते.

एसटी आणि रेल्वेसाठी शिदोरी

दिवसभराच्या प्रवासात कचऱ्याचं प्रमाण एकदम वाढतं, आणि त्यावर आपल्याकडं शिदोरीचं उत्तर कधीपासून आहे. मात्र शिदोरी भरण्याचंही एक तंत्र आहे. कोणता पदार्थ किती तास टिकतो ते बघून क्रम लावायचा.

दुपारच्या जेवणाला दहीभात उत्तम. भात मऊ शिजवून कोमट होऊ द्या. त्यात भात बुडेल इतकं कोमट दूध आणि चमचाभर दही घालून कालवा, बेतानं मीठ घाला, वर जिरं-मिरचीची गार केलेली फोडणी द्या. सकाळी सातला डब्यात भरलेला हा भात दुपारपर्यंत डब्यातच विरजतो आणि आंबट होत नाही. घरूनच नुसत्या दह्यात कालवून नेला तर उन्हाळ्यात खायच्या वेळी तोंड वाकडं करायची पाळी येते.

संध्याकाळसाठी दशम्या. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवल्यामुळं दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे धपाटे आणि त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी. ओली चटणी आणि रस्सा टाळा: ते सांडतात, आणि सांडलं की टिश्यूपेपरचा गठ्ठा संपतो. पोळ्या-पुऱ्या पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. गरम भरल्या तर वाफेनं ओल्या होतात, आणि मग लोकांना फॉइल आठवतं. फडकं ओलावा शोषतं आणि जेवताना मांडीवर पसरायला कामी येतं.

तिसरा डबा चिवडा, भडंग, लाडू यांचा. नाही संपला तर तो जसाच्या तसा घरी परत येतो. लांबच्या प्रवासात अन्न कमी पडेल या धाकानं आपण जास्त नेतो आणि मग नासलेलं टाकतो. जास्तीचं न्यायचंच असेल तर ते टिकाऊ प्रकारातलं न्या. वेफर्स, फरसाण यांची मोठी पाकिटं घरीच फोडून डब्यात ओता. पाच-पाच रुपयांची दहा पाकिटं घेण्यापेक्षा स्वस्तही पडतं.

पाणी माणशी किती लागेल ते धरा आणि वाटेत कुठं भरता येईल ते आधी ठरवा. मोठ्या स्थानकांवर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, एसटी स्टँडवर पाणपोई असते, जेवायला थांबाल त्या हॉटेलात जगमधून बाटली भरून मागता येते. नळाच्या पाण्याचा भरवसा नसेल तर घरून जास्त न्या. आजी-आजोबांच्या बॅगेतून पूर्वी निघायचा तो फिरकीचा तांब्या याच काळजीपोटी असायचा. ओल्या वाइप्सऐवजी एक रुमाल ओला करून छोट्या डब्यात ठेवा. बाजारातल्या बहुतेक वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात.

खिडकीतून काहीही बाहेर टाकायचं नाही, हे मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवा. रेल्वेच्या आवारात घाण केल्याबद्दल ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खरं कारण ते नाही. रुळांच्या कडेचा तो कचरा उचलणारं माणूस वाकूनच उचलतं.

गडावर जाताना

जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. गडावर घंटागाडी जात नाही. वर गेलेली प्रत्येक बाटली कोणीतरी पाठीवर घालून खाली आणते, नाहीतर ती दरीत जाते.

स्वच्छता मोहिमेत गेलेल्या कोणालाही विचारा, मोठी बाटली पटकन सापडते. वेळ खातो तो बारीक कचरा: पाकीट फोडताना उडालेला कोपरा, बाटलीच्या झाकणाखालची कडी, चॉकलेटचा कागद, गुटख्याची पुडी. यावर उपाय खालीच होतो. चिक्की, चॉकलेटं, बिस्किटं घरीच कागदातून सोडवून डब्यात भरा. पाकीट फोडावंच लागलं तर कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट चिरून लटकताच ठेवा. दुधाची पिशवी घरी कापतानाही हीच सवय लावा. सुटा कोपरा कचरावेचकाच्याही हाती लागत नाही.

संत्र्याची, केळ्याची सालंही परत आणा. "कुजेलच की" हा युक्तिवाद कोरड्या कातळावर टिकत नाही. साल महिनोन्‌महिने तशीच दिसते. शिवाय माकडं सालांच्या मागं येतात आणि पुढच्या वेळी तुमच्या पिशवीला हात घालतात. घरीच फळं सोलून, फोडी करून नेली तर हा प्रश्नच उरत नाही.

गडावरच्या टाक्यांमध्ये ताटल्या-डबे धुऊ नका. ते अनेक ठिकाणी पिण्याचं पाणी असतं. जेवण झालं की ताटली पोळीच्या तुकड्यानं पुसून घ्या, उरलेलं घरी धुवा. उन्हाळ्यात चढाईला माणशी निदान तीन लिटर पाणी न्या. वर पाणी संपलं की बाटली विकत घेण्यावाचून इलाज उरत नाही. गडावर ताक, पिठलं-भाकरी विकणाऱ्या गावच्या लोकांकडून अवश्य घ्या, पण आपल्या पेल्यात आणि ताटलीत. पावसाळ्यात वीस-तीस रुपयांचा पातळ रेनकोट पायथ्याशी घेण्यापेक्षा घरचा जाड रेनकोट आदल्या रात्रीच पिशवीवर ठेवा. तो पातळ रेनकोट पहिल्याच करवंदीच्या जाळीत फाटतो.

आता पिठाच्या त्या जाड पिशवीचं काम. जाताना तिच्यात सुके कपडे न्या, येताना ओले. दुसरी तशीच पिशवी कचऱ्यासाठी ठेवा. ती फाटत नाही आणि वास बाहेर येऊ देत नाही. पाळीच्या दिवसांत वापरलेले पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून अशाच एका वेगळ्या पिशवीत परत आणता येतात. ही तयारी नसेल तर ते झुडपांमागं जातात, दुसरं काही होत नाही.

दहा-वीस जण निघाले की

एकटा माणूस नीट वागतो, पण घोळका झाला की सगळ्यांना वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल. म्हणून सोसायटीची सहल, शाळेच्या मित्रांचं संमेलन, हुरडा पार्टी असं काही असेल तर निरोपातच लिहा: "प्रत्येकानं आपली ताटली, पेला, चमचा आणायचा आहे." पेल्याला रंगीत दोरा बांधून आणायला सांगितलं की अदलाबदल होत नाही आणि दिवसभर तोच पेला पुरतो. नाहीतर दर वेळी नवा कप निघतो.

पाण्यासाठी छोट्या बाटल्यांची खोकी नकोत. वीस लिटरचे परत द्यायचे जार आणि एक नळाची टाकी पुरते. माणसं जास्त असतील तर भाड्यानं भांडी देणाऱ्याकडून स्टीलची ताटं आणा. पत्रावळीच हव्या असतील तर पळसाच्या पानांच्या, टाचलेल्या घ्या. चकचकीत पत्रावळ घेण्यापूर्वी एक फाडून बघा. फाडताना पातळ पापुद्रा सुटत असेल तर ते प्लास्टिक आहे, गाईच्या पोटात जाण्याची शक्यता धरून चाला.

जेवणाचा आकडा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा. "येतो" म्हणणाऱ्यांतले काही जण गळतातच. आणि एका माणसाला, शक्यतो चारचौघांत ज्याचा शब्द चालतो अशाला, निघताना जागा बघून घेण्याचं काम द्या.

नवं काही विकत घ्यायला धावू नका

हे वाचून बांबूचे चमचे, स्टीलच्या स्ट्रॉचा संच, छापील मजकुराच्या कापडी पिशव्या मागवाव्याशा वाटतील. थांबा. सुती कापड पिकवायला, विणायला, रंगवायला बरंच पाणी आणि वीज खर्च होते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी साधी सुती पिशवी पन्नासाहून अधिक वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा परवडते. घरातल्या जुन्या चादरीची, पॅन्टच्या पायाची पिशवी शिवली तर हा हिशेब पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूनं असतो. डबे, पेले, चमचे तर प्रत्येक घरात गरजेपेक्षा जास्तच आहेत.

तरीही जे उरेल ते

एवढं करूनही काही घ्यावंच लागेल. तेव्हा एकच कसोटी लावा: भंगारवाला हे घेईल का? पाण्याची पारदर्शक बाटली, काचेची बाटली, पत्र्याचा डबा, कोरडा पुठ्ठा तो घेतो. वेफर्सचं चंदेरी पाकीट, कागदी कप, थर्माकोल यांच्याकडं तो ढुंकून बघत नाही. तहान भागवायला बाटली आणि आतून थर दिलेला कागदी डबा यांत निवड असेल तर बाटली घ्या, आणि ती रिकामी करून कोरडी घरी आणा. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांना संघटित करत आली आहे. असं काम करणाऱ्या कोणालाही विचाराल तर उत्तर एकच येईल: उष्टं लागलेला कागद आणि खरकट्यात मिसळलेली बाटली यांची किंमत शून्य होते. ओलं-सुकं वेगळं ठेवायचं ते यासाठी.

घरी पोचल्यावर कचऱ्याची पिशवी उलटी करण्यापूर्वी एकदा आत बघा. कोणती वस्तू कोणत्या गरजेपोटी आली ते लगेच कळेल. दोन बाटल्या निघाल्या तर पाण्याचा अंदाज चुकला, पातळ पिशव्या निघाल्या तर खुंटीवरची पिशवी घ्यायची राहिली, खाण्याची पाकिटं निघाली तर सुका डबा भरला गेला नव्हता. पुढच्या वेळी त्यातली एकच गोष्ट दुरुस्त करा. सगळं एकदम करायला गेलात तर दोन आठवड्यांत कंटाळा येईल. एकेक सवय लागत गेली तर घरातली बाकीची माणसंही न सांगता पिशवी उचलू लागतील.